रिकामी गलबते

आपल्या मराठी साहित्यात गलबते पुष्कळ आहेत, पण बहुतेक रिकामी आहेत. हे विधान वाचून रसिक वाचक दचकतील, म्हणून त्याचा खुलासा आधीच करतो. कवितेत शीड दिसले की ते विरहाचे असते. कथेत आगबोटीचा भोंगा वाजला की कोणी तरी मुंबईला निघालेले असते किंवा मुंबईहून परतत असते. कादंबरीत जहाज आले की ते दैवाचे, संसाराचे, नाही तर स्वातंत्र्याच्या ओढीचे प्रतीक होऊन येते. या जहाजांतून विरह, आशा, देशप्रेम, वैराग्य असे सारे काही वाहून नेले जाते. माल मात्र वाहून नेला जात नाही. जहाजाच्या पोटात काय भरले आहे, ते कशावर चालते, त्याचा धूर कुठे जातो, तळाशी साठलेले तेलकट पाणी कुठे ओतले जाते, हे प्रश्न आपल्या लेखकांना क्वचितच पडले.

हा प्रश्न आताच का उपस्थित करावा, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या बंदरांवर एक नवा शब्द उतरला आहे. तो शब्द म्हणजे 'हरित'. केंद्र सरकारच्या बंदर आणि नौकानयन मंत्रालयाने २०२३ साली बंदरांसाठी 'हरित सागर' नावाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२४ च्या जानेवारीत नद्यांतल्या नौकांसाठी 'हरित नौका' आली. या दोहोंच्या मध्ये, २०२३ च्या ऑक्टोबरात, आपल्या मुरगाव बंदराने 'हरित श्रेय' नावाची योजना सुरू केली. ही नावे संस्कृतप्रचुर आहेत, गोड आहेत, आणि एखाद्या काव्यसंग्रहाला शोभावीत अशी आहेत. शब्द कोणाचाही असो, तो तपासून घेणे हे समीक्षेचे काम आहे. पण जहाजाच्या पोटात कधी डोकावलेच नाही, अशा साहित्याजवळ 'हरित जहाज' हा शब्द तपासायला माप कुठले असणार? माझ्या लेखाचा विषय हाच आहे.

प्रथम आपल्या साहित्याविषयी न्यायाने बोलू. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सागराला उद्देशून जी कविता रचली, तिच्याकडून मालाचा हिशेब मागणे हा अरसिकपणा होईल. तिथे सागर हा दोन भूमींमधला अडसर आहे आणि त्या कवितेला तेवढेच हवे आहे. विश्राम बेडेकरांच्या १९३९ सालच्या 'रणांगण'मध्ये जवळजवळ सारे कथानक बोटीवर घडते. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या त्या बोटीने निरनिराळ्या देशांची माणसे काही दिवसांसाठी एका छपराखाली कोंडली, म्हणून ती कादंबरी झाली. मराठीतल्या उत्तम कादंबऱ्यांत तिची गणना होते, ती योग्यच आहे. पण तिथेही बोट म्हणजे माणसांना एकत्र आणणारे तरते घर आहे. बोरकरांचा समुद्र इंद्रियांना सुखावणारा आहे. गोव्याचे पाणी इतक्या आर्ततेने दुसऱ्या कोणी पाहिले नसेल.

आपल्या भागाजवळ येऊ. तेरेखोल नदीच्या अलीकडे पेडणे, पलीकडे शिरोडे आणि आरवली. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिरोड्याला शिक्षक होते. जयवंत दळवी आरवलीचे. एका नदीच्या तोंडाशी मराठी गद्याचे असे दोन धनी नांदले. दळवींनी गावातल्या माणसांचे नमुने असे उभे केले, की अख्खा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. परंतु या नदीतून जी गलबते, मचवे, पडाव ये-जा करीत होते, त्यांनी काय आणले आणि काय नेले, हे त्या गद्यात शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. हा त्या लेखकांचा दोष म्हणून सांगत नाही. त्यांच्या काळी जहाज हे समुद्राचे वैरी झालेले नव्हते. वाऱ्यावर चालणारी शिडाची नौका पाण्यात आपली खूण ठेवीत नव्हती आणि दर्याला तिचा उपद्रव नव्हता. ज्याचा उपद्रव नाही त्याचे सौंदर्यच तेवढे दिसते, हे स्वाभाविक आहे.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. मधु मंगेश कर्णिकांनी 'माहीमची खाडी' लिहिली, तेव्हा खाडी म्हणजे चांदण्यातले पाणी ही समजूत त्यांनी मोडली. कोकणीत पुंडलीक नायक यांची 'अच्छेव' ही कादंबरी १९७७ साली आली. खाण आल्यावर एक गाव आतून आणि बाहेरून कसे उद्ध्वस्त होते, ते त्यांनी असे दाखवले, की पुढे ती कादंबरी इंग्रजीतही गेली. महाबळेश्वर सैलांनी कारवारच्या काळी नदीकाठचे कष्टकरी जीवन 'काळी गंगा'त मांडले. या पुस्तकांतले पाणी घामाचे, चिखलाचे, मातीचे आहे. मात्र 'अच्छेव'मधली खाण जिथे संपते, तिथून पुढे मालाचा जो प्रवास सुरू होतो, नदी, बार्ज, बंदर, जहाज आणि परदेश, तो प्रवास आपल्या साहित्यात अजून कोणी मुक्कामापर्यंत नेलेला नाही.

तो प्रवास कसा आहे ते डिचोलीकरांना सांगायला नको. पण बेळगाव-खानापूरच्या वाचकांसाठी सांगतो, कारण ज्या म्हादईचे पाणी तुमच्या खानापूर तालुक्यातून निघते, तीच खाली मांडवी होऊन हा माल वाहते. डिचोली तालुक्यातल्या खाणींतून खनिज ट्रकांत भरायचे, गावच्या रस्त्यांवरून सारमानस, आमोणे अशा धक्क्यांवर आणायचे, बार्जमध्ये ओतायचे आणि मांडवीतून मुरगावला किंवा बाहेर नांगरलेल्या मोठ्या जहाजापाशी न्यायचे. पावसाळ्यात आग्वादपाशी नदीच्या तोंडाला वाळूचा दांडा उसळतो. तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत शिरतात आणि आतल्या आत मुरगाव गाठतात. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. त्यातले बरेचसे चीनला. मग २०१२ साली खाणी थांबल्या, काही काळाने अटींवर पुन्हा चालू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थंडावल्या. कित्येक बार्ज गंजले, कित्येक भंगारात निघाले. २०२२ च्या डिसेंबरात नव्याने लिलाव झाले आणि २०२४ साली डिचोलीची खाण पुन्हा सुरू झाली. म्हणजे नदीतली ही वाहतूक आता नव्याने उभी राहते आहे. तिच्या अटी, तिचे नियम आणि तिचे शब्द आताच ठरत आहेत. एकदा ते शब्द रुळले, की पुढच्या पिढीला तेच स्वाभाविक वाटू लागतील. म्हणून हा विषय केवळ साहित्यचर्चेचा उरत नाही.

इथे बार्जची बाजूही मांडली पाहिजे, नाही तर समीक्षेचा पक्षपात होईल. दोन हजार टनांचा एक बार्ज जेवढा माल नेतो, तेवढ्यासाठी दहा टनांचे दोनशे ट्रक लागतात. पाण्यावर तरंगणारे ओझे ओढायला जमिनीवरच्या ओझ्यापेक्षा फार कमी तेल लागते. रस्त्यावरची धूळ, गर्दी, अपघात हे सारे त्यात वाचते. तेव्हा नदीने माल नेणे ही मूळची शहाणपणाची गोष्ट आहे. पण तेवढ्यावरून तिला 'हरित' म्हणून मोकळे होता येत नाही. बार्जच्या लाटांनी खाजन शेतीचे बांध खचतात, ही नदीकाठची जुनी तक्रार आहे. बांध फुटला की मानशीची दारे निरुपयोगी होतात, खारे पाणी भातात शिरते आणि ते शेत पुढे काही वर्षे हातचे जाते. इंजिनाचे गळके तेल, धक्क्यावरून नदीत पडणारी खनिजाची माती, हे वेगळेच. नदीचा हिशेब मांडायचा तर हे सारे रकाने मांडावे लागतात.

डिचोलीला जे नदीतून दिसते, ते पेडण्याला समुद्रातून दिसते. मे महिन्याच्या सुमारास केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांवर वाळूत काळे चिकट गोळे येऊन पडतात. त्यांना डांबरगोळे म्हणतात. पायाला लागले की साबणाने सुटत नाहीत. खोबरेल चोळावे लागते. याच मोरजी-मांद्र्याच्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालायला येतात. हे गोळे येतात कुठून? तेलवाहू जहाज माल उतरवून परतताना टाक्या धुते. ते तेलमिश्रित पाणी भर समुद्रात सोडले, तर त्यातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग लाटांत घुसळून गोळा होतो. नैर्ऋत्येचे वारे सुटले की तो किनाऱ्याला लागतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अशा गोळ्यांचे रासायनिक ठसे तपासले. काही गोळे मुंबई हायच्या तेलाशी जुळले, तर काही परदेशी तेलाशी, म्हणजे वाटेने जाणाऱ्या टँकरांच्या धुवणाशी. किनाऱ्यापासून पन्नास सागरी मैलांच्या आत टँकरने मालाचे तेलकट पाणी सोडू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम १९७३ आणि १९७८ च्या करारांपासून आहे. नियम आहे आणि गोळेही आहेत. चोर रात्री येतो आणि पाण्यावर पाऊलखूण राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता 'हरित श्रेय'कडे वळू आणि एखादी कविता वाचावी तसे ते नाव वाचू. योजना अशी, की जे जहाज नियमांनी सांगितल्यापेक्षा कमी धूर सोडते, त्याला मुरगाव बंदराच्या शुल्कात सवलत मिळते. त्यासाठी जगभरच्या बंदरांनी मिळून ठरवलेला एक निर्देशांक वापरतात. कायद्यापुरते वागणाऱ्या जहाजाला शून्य आणि अजिबात धूर न सोडणाऱ्याला शंभर. भारतात अशा सवलतीची सुरुवात मुरगावने केली, ही गोव्याला भूषणावह गोष्ट आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. दंडाऐवजी बक्षीस देऊन वळण लावण्याचा हा मार्ग शिक्षकांना परिचयाचा आहे, आणि तो पुष्कळदा लागू पडतो.

पण नावातच परीक्षा आहे. कठोपनिषदात यम नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांतला भेद समजावतो. प्रेय म्हणजे जे तत्काळ सुखकर वाटते ते, आणि श्रेय म्हणजे जे अंती हिताचे ते. ज्याने कोणी या योजनेला हे नाव दिले, त्याने नकळत एक मोठी कसोटी आपल्या अंगावर ओढवून घेतली आहे. शुल्कातली सवलत हे जहाजमालकाचे प्रेय झाले. श्रेय कोणाचे आणि किती, हे पाहायचे तर निर्देशांक काय मोजतो ते पाहावे लागते. तो धुराड्यातून निघणारा धूर मोजतो. गंधक, नायट्रोजन आणि कर्बवायू यांचा हिशेब त्यात आहे. टाकीचे धुवण त्यात नाही. पोटात काय भरले आहे तेही त्यात नाही. कोळसा भरून आलेले जहाज स्वच्छ धुराचे असेल तर ते 'हरित' ठरू शकते, आणि त्याच कोळशाच्या काळ्या धुळीविषयी वास्कोचे रहिवासी वर्षानुवर्षे गाऱ्हाणी मांडत आले आहेत. शिवाय हे माप समुद्रगामी जहाजांचे. सारमानसहून निघालेला बार्ज त्यात येत नाही. थोडक्यात, हरितपणाची मोजणी बंदराच्या तोंडाशी सुरू होते आणि तिथेच संपते. डिचोलीची नदी त्या तोंडाच्या आत राहिली आणि पेडण्याची वाळू बाहेर.

एका बाजूने मोजले की दुसऱ्या बाजूने कसे निसटते, याचा दाखला जगाच्या अनुभवातही आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातले गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणण्याचा नियम लागू झाला. तो हितकारक होता. पण पुष्कळ मालकांनी महाग इंधन घेण्याऐवजी धुराड्यात धूर धुण्याचे यंत्र बसवले. त्यातल्या साध्या प्रकारात समुद्राचे पाणी घ्यायचे, त्याने धूर धुवायचा आणि ते आम्ल पाणी पुन्हा समुद्रात सोडायचे. हवा स्वच्छ झाली, पाणी नासले. कागदावर जहाज नियमात बसले. सिंगापूरसारख्या बंदरांनी असे पाणी आपल्या हद्दीत सोडण्यास त्याच दिवसापासून मनाई केली, कारण त्यांनी दुसरा रकानाही पाहिला. आपल्याकडे म्हणतात तसे, केर झाडला आणि दाराआड लोटला.

मग खरे हरित जहाज कसे असते? त्याची उत्तरे पुष्कळदा साधी असतात. पहिले उत्तर सावकाशीचे. जहाजाचा वेग दहा टक्क्यांनी कमी केला, तर इंजिनाला लागणारी शक्ती सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटते. प्रवास लांबतो, तरी फेरीमागचे इंधन जवळजवळ पाचव्या हिश्शाने वाचते. बंदरात जागा नसताना घाईने येऊन बाहेर नांगर टाकून बसण्यापेक्षा सावकाश येणे केव्हाही बरे. नदीतही सावकाश चालणाऱ्या बार्जची लाट लहान होते आणि बांध वाचतो. दुसरे उत्तर वाऱ्याचे. २०२३ साली 'बर्ज ऑलिंपस' या खनिजासारखा सुटा माल वाहणाऱ्या प्रचंड जहाजावर चार उंच, ताठ शिडे बसवण्यात आली. वारा असेल तेव्हा तेवढे इंधन वाचते. ज्या शिडाला आपण कवितेपुरते ठेवून घेतले होते, ते जगाने पुन्हा कामाला लावले आहे. तिसरे उत्तर लहान पाण्याचे. केरळात वैकम येथे २०१७ पासून उन्हावर चालणारी पंच्याहत्तर उताऱ्यांची फेरीबोट धावते. केरी-तेरेखोलसारख्या आखूड तरीवर असा विचार का होऊ नये? चौथे उत्तर सर्वांत रूक्ष आणि सर्वांत निकडीचे आहे. तेलकट पाणी उतरवून घेण्याची सोय बंदरात सहज, स्वस्त आणि वेळेवर मिळाली, तर ते समुद्रात ओतण्याचा मोह कमी होतो.

या उत्तरांना कायद्याचा आधार हळूहळू मिळतो आहे. १९१७ चा अंतर्देशीय नौकांचा कायदा जाऊन २०२१ साली नवा आला, त्यात प्रदूषणाचा विचार आहे. जागतिक पातळीवर जहाजांच्या कर्बवायूवर शुल्क बसवण्याची योजना २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला तत्त्वतः संमत झाली, पण ऑक्टोबरात तिच्यावरचे अखेरचे मतदान एका वर्षाने पुढे ढकलले गेले. जगाच्या कर्बवायूत जहाजांचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण समुद्र हा कोणा एकाचा नसल्याने तिथले तीन टक्केही कोणाच्याच अंगी लागत नाहीत.

कायद्याच्या भाषेविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले. त्यात मांडवीला ६८ वा क्रमांक मिळाला, शापोऱ्याला २५ वा, कुंभारजुव्याच्या कालव्याला २७ वा. दोडामार्गच्या वाचकांनी लक्षात घ्यावे, की तुमची तिळारीच खाली पेडण्याच्या कडेने शापोरा होऊन २५ क्रमांकाने समुद्राला मिळते. कारभाराला क्रमांक लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकीकडे क्रमांक आणि दुसरीकडे 'हरित श्रेय'सारखी अलंकारिक नावे, या दोहोंच्या मध्ये नदीकाठच्या माणसाची भाषा कुठेच नाही. तांडेल, खलाशी, नाखवा, सुकाणू, नांगर, भरती, सुकती, नीरम हे आपल्या बोलीतले शब्द आहेत. जहाज रिकामे असताना तोल राहावा म्हणून जे वजन भरतात, त्याला नीरम म्हणतात. पूर्वी दगड-वाळू भरत. आता समुद्राचे पाणी भरतात आणि त्याबरोबर एका किनाऱ्याचे जीव दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊन पडतात. ज्या भाषेत 'नीरम' हा शब्द आहे, त्या भाषेला हा प्रश्न परका नाही. तो तिला कोणी विचारलेला नाही, एवढेच.

सीमाभागातल्या आपल्यासारख्या कुटुंबांना या कामात एक सोय आहे. घरात मराठी, अंगणात कोकणी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी अशी आपली दिवसभराची ये-जा असते. एका भाषेत गोड वाटणारा शब्द दुसऱ्या भाषेत ठेवून पाहायची आपल्याला सवय असते. 'हरित नौका' हा शब्द सारमानसच्या धक्क्यावर नेऊन तिथल्या माणसाच्या कोकणीत सांगून पाहावा. तो विचारील, बार्ज सावकाश चालणार का? बांध राहणार का? तेल कुठे ओतणार? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या योजनेत असतील, तिचे नाव काय आहे याला महत्त्व नाही.

लेखकांकडे मागणे याहून थोडे जास्त आहे. बार्जवर आयुष्य काढलेले तांडेल आणि खलाशी अजून पेडणे-डिचोलीत आहेत. २०१२ आणि २०१८ साली ज्यांचे काम सुटले, तेही आहेत. नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा कसा सरकतो, कुंभारजुव्यात रात्री बार्ज कसा वळवतात, तळचे पाणी उपसताना पूर्वी काय करीत आणि आता काय करतात, हे ज्ञान त्यांच्याजवळ आहे. ते कोणी लिहून ठेवलेले नाही. एखाद्या तरुण लेखकाने त्यांच्याजवळ बसून एक कादंबरी लिहावी, ज्यात खाणीतून निघालेल्या मातीचा एक बार्जभर माल परदेशी बंदरापर्यंत जातो आणि वाटेतले प्रत्येक पाणी त्यात दिसते. तोपर्यंत आपण वाचकांनी एवढे करावे, की येत्या दिवाळी अंकांतल्या कथेत वा कवितेत जहाज आले, तर त्याच्या पोटात काय आहे ते लेखकाला पत्र पाठवून विचारावे. लेखक चिडतील. चिडू देत. त्यातला एखादा तरी सारमानसच्या धक्क्यावर जाऊन पाहून येईल.